शाहरुखच्या गाण्यातला तो किल्ला नक्की किती जुना?

मागच्या अंकात स्कॉटलंडच्या आयलिन डोनन किल्ल्याचा फोटो छापला होता, बेटावर दगडी वाडा, समोर कमानींचा पूल, मागे डोंगर. खाली एकच ओळ होती, की हा तलावाकाठचा पडका किल्ला एका लष्करी अधिकाऱ्याने विकत घेतला आणि राहतं घर म्हणून परत उभा केला. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. पत्रं थोडी छाटलीत, भांडणं मात्र तशीच ठेवलीत.

डोंबिवलीहून: ताई, हा तोच ना, शाहरुख-काजोलच्या गाण्यातला? आम्ही टूरमध्ये बसमधून उतरून बघितला, गाइड म्हणाला तेराव्या शतकातला किल्ला. घरी आल्यावर भाचा म्हणतो, मावशी तुम्हाला गंडवलंय, हे तर शंभर वर्षांचंही नाहीये. कोण खरं बोलतंय?

हो हो, तोच. १९९८ च्या ‘कुछ कुछ होता है’चं टायटल साँग स्कॉटलंडमध्ये शूट झालं त्यात हा किल्ला दिसतो, आणि आपल्याकडच्या निम्म्या लोकांना तो तिथूनच माहीत आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता भांडणाचं. गाइड खोटं बोलला नाही, पण भाचा जास्त बरोबर आहे. बेटावर किल्ला तेराव्या शतकात बांधला गेला हे खरं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा नॉर्वेवाल्यांचा वावर होता आणि लॉक डुइश, लॉक लाँग आणि लॉक अल्श असे तीन जलाशय जिथे मिळतात ती ही जागा, म्हणजे नाकाबंदीला एकदम परफेक्ट. पुढे तो मॅकेंझी घराण्याकडे आला आणि त्यांच्या वतीने मॅकरे लोक तो सांभाळायचे. या मॅकरेंना मॅकेंझींचं चिलखत म्हणायचे, इतके ते त्यांच्यासाठी लढायचे.

मग आलं १७१९. स्पेनच्या मदतीने स्टुअर्ट राजघराण्याला परत गादीवर बसवायचं असा एक कट होता, त्याचं मोठं आरमार वादळात उधळलं, जे थोडे स्पॅनिश सैनिक स्कॉटलंडला पोचले त्यातले चाळीसेक जण या किल्ल्यात दारूगोळ्याची राखण करत बसले होते. १० मे १७१९ ला ब्रिटिश नौदलाच्या तीन फ्रिगेट आल्या, तोफा डागल्या, किल्ला घेतला, आणि आत ३४३ पिंपं बारूद सापडली. त्यातलीच २७ पिंपं वापरून त्यांनी किल्ला उडवून दिला. म्हणजे किल्ला पडला तो वयाने नाही, मुद्दाम पाडला. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं तिथे नुसता दगडांचा ढीग आणि दोन-चार भिंतींचे सुळके होते. त्या काळातले जुने फोटो मिळाले तर बघा, ओळखू येणार नाही.

१९११ मध्ये लेफ्टनंट कर्नल जॉन मॅकरे-गिलस्ट्रॅप यांनी ते बेट विकत घेतलं. हे मॅकरेच, गिलस्ट्रॅप हे सासरवाडीचं आडनाव जोडलेलं, आणि ती सासरवाडी माल्टच्या धंद्यात बक्कळ कमावलेली. पहिलं महायुद्ध मध्ये आलं तरी काम रेटत रेटत १९३२ च्या जुलैत पूर्ण झालं. खर्च सांगतात अडीच लाख पौंड. तेव्हाच्या दराने, म्हणजे पौंडाला तेरा रुपये आणि काही आणे धरले तर, तेहतीस लाख रुपये होतात, आणि १९३२ साली तेहतीस लाख म्हणजे काय हे आजीला विचारा.

तेव्हा तुम्ही जे बघितलं, छप्पर, वरचे मजले, मोठा हॉल, आणि तो फोटोत सगळ्यात छान दिसणारा पूलसुद्धा, हे सगळं विसाव्या शतकातलं आहे. पूर्वी बेटावर होडीने नाहीतर ओहोटीच्या वेळी चिखल तुडवत जावं लागायचं, पूल कर्नलसाहेबांनी बांधला. मेजवानीच्या हॉलच्या लाकडी तुळया तर कॅनडातल्या मॅकरेंनी ब्रिटिश कोलंबियातून भेट पाठवलेल्या डग्लस फरच्या आहेत. तेराव्या शतकातल्या स्कॉटिश किल्ल्यात कॅनडाचं लाकूड! भाच्याला हे सांगा, अजून खूश होईल.

नागपूरहून: मी वाचलं की किल्ला कसा दिसायचा हे तिथल्या मुकादमाला स्वप्नात दिसलं आणि त्याप्रमाणे बांधलं, नंतर एडिनबरात जुने नकाशे सापडले ते हुबेहूब जुळले. हे खरं का? आमच्याकडे गणपतीच्या मूर्ती अशाच स्वप्नात येतात म्हणून विचारतो.

स्वप्नाची गोष्ट तिथे सगळे सांगतात. फारकर मॅकरे नावाचा देखरेख करणारा माणूस होता हे खरं, तो मॅकरेच, त्याने वर्षानुवर्षं त्या कामावर काढली हेही खरं. स्वप्न पडलं की नाही ते तोच जाणे, पडलं असेलही, रोज दिवसभर तेच दगड बघितल्यावर रात्री दुसरं काय दिसणार.

पण हुबेहूब जुळलं हे नाही पटत, आणि कारण साधं आहे. किल्ला उडवायच्या पाच वर्षं आधी, १७१४ मध्ये, लुईस पेटिट नावाच्या लष्करी इंजिनिअरने त्याचा सर्व्हे करून चित्रं काढली होती. ती चित्रं हाती लागली तेव्हा नवं बांधकाम जवळजवळ संपत आलं होतं. आणि ती बाजूला ठेवून आजचा किल्ला बघितला तर बराच फरक आहे. जमिनीवर पायाच्या रेषा शिल्लक होत्या त्यामुळे कुठली भिंत कुठे हे बऱ्यापैकी कळत होतं, पण वर काय होतं, खिडक्या कशा, छताचा उतार कसा, हे एडिनबराचे आर्किटेक्ट जॉर्ज मॅकी वॉटसन यांनी आपल्या अभ्यासाने आणि त्या काळच्या आवडीने ठरवलं. त्या काळची आवड म्हणजे जरा नाटकी, बुरूज-बिरूज, दाराशी लोखंडी जाळी, सगळं कसं सरदारी थाटाचं.

माझं मत विचाराल तर ते उत्तम घर आहे. १९३० च्या सुमारास एका पैसेवाल्या, पूर्वजांवर जीव असलेल्या माणसाला आपला किल्ला कसा असावा असं वाटायचं, त्याचा अस्सल नमुना आहे तो. त्याच नावाने दाखवला तर त्यात कमीपणा काहीच नाही. तेराव्या शतकाची पाटी लावली की मात्र प्रॉब्लेम.

पुण्याहून (सिव्हिल इंजिनिअर, निवृत्त): मॅडम, चौदा फूट जाडीच्या दगडी भिंतीत माणूस राहतो कसा? पाण्यात बेट, वर बारा महिने पाऊस. ओल येत नाही का? आणि हल्लीचे लोक अशा कामाला सिमेंट का वापरू देत नाहीत, चुन्याचा हा हट्ट मला कधी कळला नाही. सिमेंट मजबूत नाही का?

सर, मजबूत आहे हाच तर घोळ आहे. तुम्हाला माहीतच असेल पण बाकीच्या वाचकांसाठी जरा सविस्तर लिहिते.

या जाड भिंती आरपार भरीव दगडाच्या नसतात. बाहेरून एक दगडी पापुद्रा, आतून एक, आणि मध्ये दगडगोटे आणि चुन्याचा भराव. जोवर डोक्यावर छप्पर आहे तोवर ही भिंत पाचशे वर्षं मजेत उभी राहते. छप्पर गेलं की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरतं, भरावातला चुना हळूहळू धुऊन जातो, मध्ये पोकळ्या पडतात, मग थंडीत ते पाणी गोठून फुगतं आणि बाहेरचा पापुद्रा पोट सुटल्यासारखा पुढे येतो, आणि एके दिवशी दहा-बारा फुटांचा भाग धाडकन खाली. म्हणून पडका किल्ला घेणाऱ्याचा पहिला खर्च किचन किंवा बाथटब नसतो, भिंतीचा माथा बंद करणं आणि छप्पर घालणं हा असतो. आणि बराच पैसा तिथेच संपतो, हे मासिकातल्या चकचकीत फोटोंमध्ये दिसत नाही.

आता चुना. दगडी भिंत पाणी पिते आणि परत सोडते, आणि ते सोडायचा तिचा रस्ता म्हणजे दरजा, दोन दगडांमधले सांधे. चुन्याचा माल दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, ओल दरजांतून बाहेर पडते, झिजला तर चुना झिजतो, तो खरवडून परत भरता येतो. त्या जागी तुम्ही पोर्टलँड सिमेंट भरलं की दरज दगडापेक्षा कडक होते, ओल तिथून निघत नाही, मग ती दगडातून निघायला बघते आणि दगडाचाच चेहरा सुटायला लागतो. शिवाय भिंत थोडी हलते, थंडी-उन्हात बारीक आकुंचन-प्रसरण चालूच असतं, चुना ते सहन करतो, सिमेंटला बारीक चिरा पडतात, त्या चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. ओल्या अंगावर रेनकोट चढवून झोपल्यासारखं. विसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये कितीतरी जुन्या इमारतींना असं सिमेंट फासलं गेलं आणि नंतरच्या पिढीला ते छिन्नीने काढत बसावं लागलं.

आणि चुन्याचे नखरेही कमी नाहीत. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू घट्ट होतो, पाच अंशांच्या खाली तापमान गेलं की नीट धरत नाही, आणि ओला असताना दंव पडलं तर काम वाया. म्हणजे हायलँडमध्ये, स्कॉटलंडच्या त्या डोंगराळ भागात, दरजा भरायचं काम उन्हाळ्याच्या काही महिन्यांतच करायचं, बाकीचं वर्ष ताडपत्री टाकून वाट बघायची. आपल्याकडे चुन्याच्या घाण्यात मळलेल्या मालात गूळ-हिरडा घालायचे तो वेगळा विषय, पण तत्त्व तेच.

अजून एक, हे किल्ले आपल्याला नुसत्या दगडाचे छान रांगडे दिसतात ना, मूळचे बरेच तसे नव्हतेच. वर चुना-वाळू-खडीचा खडबडीत गिलावा फेकून मारायचे आणि त्यावर चुन्याचा हात द्यायचे, किल्ला लांबून पांढरा किंवा पिवळसर दिसायचा. तो गिलावा म्हणजे भिंतीचा पावसाळी कोट. रोमँटिक दिसतं म्हणून लोकांनी नंतर तो काढला किंवा पडलेला परत केला नाही, आणि ओलीची तक्रार तिथून सुरू झाली. हल्ली एखादा मालक अभ्यास करून परत गिलावा करतो तर गावातले म्हणतात, अरे आमचा सुंदर दगडी किल्ला रंगवून टाकला!

राहायचं म्हणाल तर, जाड भिंतीचं घर तापायला दिवस लागतात आणि तापलं की थंड व्हायलाही दिवस लागतात. वीकेंडला येऊन शुक्रवारी रात्री हीटर लावला तर रविवारी दुपारी निघताना कुठे जरा ऊब यायला लागते. म्हणून मंद उष्णता सतत चालू ठेवावी लागते, फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या वगैरे, आणि मोठ्या शेकोट्यांची धुराडी चालू ठेवायची म्हणजे हवा खेळती राहते. त्याचं बिल विचारू नका. नळ आणि सांडपाण्याचे पाइप भिंत फोडून न्यायची परवानगी नसते तेव्हा प्लंबर लोक जुन्या शौचकूपांच्या भिंतीतल्या पोकळ्या शोधतात आणि त्यातून पाइप खाली सोडतात, म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी ज्या कामाला ती पोकळी केली त्याच कामाला परत. फर्निचरचं तर बोलूच नका, चक्री जिना एका माणसाच्या खांद्याइतका रुंद, डबल बेड वर जाणार कसा? एकतर वरच सुटे भाग जोडायचे, नाहीतर छप्पर घालायच्या आधीच क्रेनने आत ठेवून द्यायचा.

लीड्सहून (मूळचे सांगलीचे): नमस्कार. इकडे आयटीत पंधरा वर्षं झाली. मिसेसला आणि मला स्कॉटलंडमध्ये एखादा पडका किल्ला घेऊन दुरुस्त करायची फार हौस आहे, पाणी जवळ असेल असा. मित्र हसतात. खरंच शक्य आहे का, की फक्त लॉर्ड लोकांचं काम आहे?

हसू नका असं मित्रांना सांगा, लोकांनी केलंय. पण तुमच्यासाठी दोन किल्ल्यांच्या गोष्टी सांगते, त्या शेजारी शेजारी ठेवा आणि मग ठरवा.

पहिला कॅसल स्टॉकर. ओबानच्या उत्तरेला लॉक लिनीचा एक फाटा आहे, लॉक लाइश, त्यात एवढासा खडक आणि त्यावर एकच उभा चौकोनी बुरूजवाडा. आजची इमारत १४४० च्या दशकातली, स्टुअर्टांनी बांधलेली. सतराव्या शतकात, १६२० च्या आसपास, स्टुअर्टांच्या वंशजाने दारूच्या नशेत पैज लावली आणि एका आठ वल्ह्यांच्या होडीच्या बदल्यात किल्ला कॅम्पबेलांना देऊन टाकला, अशी कथा आहे. (होडी चांगली असणार.) १८४० च्या सुमारास छप्पर गेलं आणि तो सोडून दिला. १९०८ मध्ये चार्ल्स स्टुअर्ट यांनी विकत घेऊन भिंती जरा सावरल्या, आणि १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल स्टुअर्ट ऑलवर्ड यांनी तो घेतला आणि साधारण दहा वर्षं खपून परत राहण्याजोगा केला. प्रत्येक पोतं, प्रत्येक तुळई होडीने न्यायची, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून. घर तयार झालं, आजही कुटुंबाकडेच आहे, आणि उन्हाळ्यात मोजक्या लोकांना होडीने नेऊन दाखवतात.

दुसरा कॅसल टिओरम, लॉक मॉयडार्टमध्ये. क्लॅनरानल्ड शाखेच्या मॅकडॉनल्ड घराण्याचा. स्टुअर्ट राजघराण्यासाठी झालेल्या १७१५ च्या बंडाला निघताना त्यांच्या प्रमुखाने स्वतःच जाळून टाकला, शत्रूच्या हाती नको म्हणून. १९९७ मध्ये एका स्कॉटिश उद्योजकाने तो विकत घेतला, पैसा होता, प्लॅन होते, छप्पर घालून घर करायचं आणि काही भाग लोकांना बघायला खुला ठेवायचा असा प्रस्ताव होता. सरकारी खात्याने नाही म्हटलं. अपील झालं, सुनावणी झाली, २००२ मध्ये नकार कायम. किल्ला आजही पडकाच आहे.

एकाला जमलं, एकाला नाही, असं का? लोक म्हणतात सरकारी लहर. मला तसं वाटत नाही. मध्ये १९६४ साली व्हेनिस चार्टर आला, म्हणजे जुन्या वास्तू कशा जपाव्यात याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, त्यात साफ म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवायचा. स्टॉकरच्या भिंती माथ्यापर्यंत उभ्या होत्या, छप्पर जाऊन सव्वाशे वर्षंच झाली होती, अंदाज फार करावा लागला नाही. शिवाय १९६५ मध्ये हे चार्टर-बिर्टर प्रत्यक्ष परवानगीच्या टेबलावर फारसं पोचलं नव्हतं. टिओरम जळून पावणेतीनशे वर्षं झाली होती आणि त्याच्या भग्नावस्थेलाच आता इतिहास म्हणून किंमत आलेली होती. आणि आयलिन डोननचं काय? १९११ ऐवजी आज कोणी कर्नलसाहेब दगडांचा तो ढीग घेऊन आले आणि म्हणाले की मुकादमाला स्वप्न पडलंय, तर माझ्या मते पहिल्याच मीटिंगला चहा पाजून परत पाठवतील.

तसा हा वाद चार्टरपेक्षा जुना आहे. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्येच लंडनला जुन्या इमारती वाचवायची संस्था काढली होती, आणि कोणापासून वाचवायच्या तर जीर्णोद्धार करणाऱ्यांपासून! त्यांचं म्हणणं, डागडुजी करा, टेकू द्या, पण जुन्याची नक्कल करू नका. मी स्वतः त्यांच्याइतकी कडक नाहीये. छप्पर नसलेली इमारत मरते, आणि माणूस राहत असेल तर छताची फुटकी कौलं त्याच आठवड्यात बदलली जातात, हे मला कुठल्याही तत्त्वापेक्षा मोठं वाटतं. पण ज्याचा वरचा अर्धा भाग कोणी बघितलेलाच नाही तिथे हात आखडता घ्यावा, एवढं मॉरिसचं मान्य.

आता तुमच्या कामाचं. विकत घेण्याआधी एकच गोष्ट बघा, ती वास्तू संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे की नुसती वारसा इमारत म्हणून नोंदलेली आहे. स्मारक असेल तर एक दगड हलवायलाही हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडची (तिथलं पुरातत्त्व खातंच समजा) परवानगी लागते, आणि तिथे राहायला जाणं अवघड. वारसा इमारत असेल तर स्थानिक कौन्सिलशी बोलणी होऊ शकतात. दुसरं, व्हॅट. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये नवंकोरं घर बांधलं तर बांधकामावर व्हॅट शून्य, पण जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर २० टक्के. वारसा इमारतींमधल्या मंजूर बदलांना पूर्वी सूट होती तीही २०१२ मध्ये काढून टाकली. म्हणजे सरकारच म्हणतं वारसा जपा आणि सरकारच जपणाऱ्याकडून पाचवा हिस्सा वर घेतं. हे गणित मांडा, मग मिसेसशी परत बोला. आणि खर्चाचा कोणी आकडा दिला तर तो दुप्पट धरून चाला, हा माझा नियम आहे, सरकारी नाही.

ठाण्याहून: तुम्ही तलावाकाठचा किल्ला म्हणालात, नकाशात तर समुद्र दिसतो.

बरोबर पकडलंत. आयलिन डोनन, स्टॉकर, टिओरम तिन्हीकडे पाणी खारं आहे, समुद्राचेच आत घुसलेले फाटे ते, भरती-ओहोटी असते. डोंगरांनी वेढलेले असल्यामुळे फोटोत तलावच वाटतात. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज, बिजागऱ्या, पन्हळी सगळं लवकर गंजतं, हा मालकांना जादा भुर्दंड.

गोड्या पाण्याचंच हवं असेल तर लॉक नेसच्या काठचा आल्डूरी बघा. मूळ सतराव्या शतकातलं जमीनदाराचं घर, एकोणिसाव्या शतकात त्याला बुरूज आणि टोकदार छपरं चढवून किल्ल्याचं रूप दिलं. हल्ली एका डॅनिश उद्योगपतीने तो घेऊन कित्येक वर्षं काम केलं आणि २०२३ मध्ये उघडला, आणि भाड्याने मिळतो तो अख्खाच, एक खोली नाही. आयर्लंडमध्ये लॉक कॉरिबच्या काठी ॲशफर्ड आहे, १२२८ पासूनची जागा, १८५२ मध्ये बिअरवाल्या गिनेस कुटुंबाने घेऊन वाढवला, १९३९ पासून हॉटेल आहे. तिथे निदान एक रात्र तरी राहता येईल, क्रेडिट कार्डाकडे न बघता.

कोल्हापूरहून: स्कॉटलंडचं कौतुक पुरे झालं. आमच्या रंकाळ्याच्या काठावर शालिनी पॅलेस आहे की, काळ्या दगडाचा, त्यावर कधी लिहिणार? त्याची अवस्था बघितली की जीव तुटतो.

तुमचा राग रास्त आहे आणि तुलनाही एकदम नेमकी. शालिनी पॅलेस १९३१ ते ३४ मध्ये झाला, म्हणजे आयलिन डोननचं काम संपत होतं नेमका तेव्हाच. राजकन्या शालिनीराजेंच्या नावाने. काळा दगड, इटालियन मार्बल, मधला घड्याळाचा मनोरा, आणि खर्च आठ लाख रुपये. तिकडे तेहतीस लाख, इकडे आठ. पण मोठा फरक असा की शालिनी पॅलेसने जुनं असल्याचा आवच आणला नाही. तो १९३० च्या दशकातला राजवाडा आहे आणि तसाच दिसतो. मला तर तो त्या बाबतीत उजवा वाटतो.

१९८७ मध्ये त्याचं हॉटेल झालं, महाराष्ट्रातलं पॅलेस हॉटेल म्हणून नावही झालं, मग बंद पडलं. हॉटेल बंद पडणं धंद्यात होतं, पण रिकाम्या वाड्याचं काय होतं ते वर पुण्याच्या सरांना लिहिलंच आहे, पन्हळ तुंबते, पाणी भिंतीत उतरतं, आणि बेसाल्ट कितीही टणक असला तरी त्याच्यामधला चुना टणक नसतो. आयलिन डोननच्या कुटुंबाने १९५५ मध्ये घर लोकांना तिकीट लावून खुलं केलं आणि १९८३ मध्ये त्यासाठी ट्रस्ट काढला, आज वर्षाला लाखो लोक येतात आणि छपराचा खर्च त्यांच्या तिकिटातून निघतो. रंकाळ्यावर रोज संध्याकाळी भेळ खायला किती गर्दी असते ते तुम्हाला सांगायला नको. त्यातल्या थोड्या लोकांनी जरी तिकीट काढून आतली दोन दालनं बघितली तरी पावसाळ्याआधी पन्हळी साफ करायचा पगार निघेल. हॉटेलच करायला हवं असं कुठे आहे.

साताऱ्याहून: म्हणजे उद्या आमचे गडकिल्ले पण कोणी श्रीमंत माणूस घेऊन बंगला करणार, असं सुचवताय का? २०१९ ला हेच चाललं होतं, विसरलो नाही आम्ही.

नाही, अजिबात नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये राज्यातले २५ किल्ले हेरिटेज हॉटेलसाठी भाड्याने द्यायचा विषय निघाला, केवढा गदारोळ झाला, आणि मग सरकारने खुलासा केला की शिवरायांशी संबंधित, वर्ग एकमधल्या किल्ल्यांना हात लावणार नाही. गदारोळ झाला ते बरंच झालं.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. स्टॉकर किंवा आल्डूरी हे मुळातच एका कुटुंबाचं घर होतं, शे-दीडशे फुटांत मावणारं. आपले गड ही घरं नाहीत, तो अख्खा डोंगर आहे, तट, माच्या, टाकी, पायथ्याचं गाव. शिवाय राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, हा १९५८ च्या कायद्यातला २०१० चा बदल आहेच. २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, त्यामुळे तिथे आता नियम अजून कडक. राजस्थानात बरवाड्यासारख्या किल्ल्याचं २०२१ मध्ये पॉश हॉटेल झालं कारण तिथे किल्ले अजून राजघराण्यांच्या खासगी मालकीचे होते. आपल्याकडे या चर्चेत बसतात ते वाडे, देशमुखांचे, सरदारांचे, गावोगाव माळवदं कोसळत चाललेले. तिथे कोणी श्रीमंत माणूस छप्पर घालून राहायला येणार असेल तर मी स्वतः जाऊन त्याला नारळ देईन.

बोरिवलीहून: मेमध्ये जातोय, सोबत सत्तरीचे आईबाबा. तीनपैकी कुठला बघू?

आईबाबांना घेऊन आयलिन डोनन. पूल आहे, गाडी जवळ जाते, स्काय बेटाच्या रस्त्यावरच आहे. आत गोल जिने अरुंद आहेत, त्यांना खालचा हॉल दाखवा आणि वर तुम्ही जा. १९३२ चं स्वयंपाकघर नकली ताटं-पदार्थ मांडून ठेवलंय ते बघाच, घर म्हणून ती जागा तिथेच कळते. किल्ल्याच्या भिंती खालून वर नीट बघत जा, जुना दगड आणि नवा दगड कुठे बदलतो ते सांधे सापडतात का बघा. स्टॉकर रस्त्यावरूनच झकास दिसतो, आत जायचं तर आधी बुकिंग लागतं आणि होडीत चढ-उतर आहे. टिओरमला वाळूच्या पट्ट्यावरून चालत जाता येतं, पण फक्त ओहोटीला, तेव्हा भरतीचं टाइमटेबल मोबाइलमध्ये आधीच डाउनलोड करून ठेवा, तिकडे रेंज मिळेलच असं नाही.